तुतीच्या भांड्याची आतली बाजू

जाडी : अख्खं खोड

तुतीचं झाड आडवं झालं तेव्हा जावकसाहेब खिडकीत उभे राहून चहा फुंकत होते. खालची करवत थांबली आणि तिच्यामागोमाग घरातलं शिवणयंत्रही थांबलं. एवढी शांतता त्या घरात कित्येक वर्षांत झाली नव्हती. शिवणताई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, उठून खिडकीशी आल्या. झाड त्यांनीच लावलं होतं, ते बोटभर उंच होतं तेव्हा. त्या थोडा वेळ खाली बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गेलं."

बस, एवढंच. साहेबांना बोलणं सहन होत असे, रडणंही झालं असतं. पण हे "गेलं" नुसतं खोलीत उभं राहिलं. त्याला बसायला काहीतरी द्यावं म्हणून साहेब बोलून गेले, "ह्या झाडाचं मी तुला एक भांडं करून देतो. लाकडाचं. पोट मोठं, तोंड बारीक."

पोट मोठं आणि तोंड बारीकच का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. उजव्या हातात कप होता, डाव्या हाताने हवेत जो आकार निघाला तो निघाला. आणि दुर्दैव असं की खाली उभ्या असलेल्या मोटारवाल्या शेजाऱ्यांनी तो ऐकला.

"वा साहेब," ते खालून म्हणाले. "खिळा ठोकायला माणूस बोलावता, आणि भांडं करणार?"

संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांना खबर लागली. बायकोला दिलेला शब्द माणूस एक वेळ विसरू शकतो. इमारतीला दिलेला शब्द विसरायची सोय नसते, जिना आठवण करून देतो.

आता साहेबांच्या खिशात काय होतं ते सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. खिशात एक कागद होता. ‘आवारातील तुतीचे झाड तोडण्यास आमची हरकत नाही’, आणि खाली साहेबांची सही. मोटारवाल्यांची पांढरी मोटार त्या झाडाखाली उभी राही आणि दर हंगामात जांभळी होई. म्हणून त्यांनी कागद फिरवला होता. साहेबांनी सही केली होती, कारण कागद पुढे आला होता. पाणीपुरवठा कचेरीच्या जावक विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. पत्र आलं की क्रमांक घाला, शिक्का मारा, सही करा, पाठवा. वाचणं हे जावक कारकुनाचं काम नव्हे. तो वाचत बसला तर पत्र जाणार कधी? निवृत्त झाले तरी हाताला कोणी निवृत्तीचा आदेश दिला नव्हता.

त्या सकाळी मोटारवाल्यांनी "ही तुमची प्रत" म्हणून कागद हातात दिला, आणि साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सही कशाखाली आहे ते वाचलं.

जाडी : सल्ल्यागणिक वेगळी

कागद फाडून टाकावा, तर कार्यालयीन प्रत नष्ट करायला हात धजेना. ठेवावा, तर कुठे? शिवणताईंचा पुढच्या बाजूवर कधीच विश्वास नव्हता. कोणी नवा कपडा घालून आलं की त्या आधी त्याची कड उलटून बघत. "पुढून सगळंच छान असतं," त्या म्हणत. "शिवण उलट्या बाजूने कळते." घरातले खिसे, उशांचे अभ्रे, पिशव्या, मोजे, सगळं धुण्याआधी उलटं होत असे. त्यामुळे तो कागद आज चपलांच्या खोक्यात, उद्या कॅलेंडरमागे, परवा रेडिओच्या सेलांच्या खोबणीत, असा बदलीवर फिरत राहिला.

इकडे लाकडाची गोष्ट. आवार सोसायटीचं, म्हणून झाड सोसायटीचं, म्हणून खोडही सोसायटीचं, असा शोध लागला. साहेबांनी चार ओंडक्यांसाठी अर्ज केला. अर्जावर जावक क्रमांक नाही म्हणून तो परत आला. हा घाव वर्मी बसला. साहेबांनी रीतसर क्रमांक घालून, समास सोडून, नवा अर्ज केला. मंजुरी आली तोवर ओंडके पंधरा दिवस उन्हात तडकत पडले होते. त्यातले चार धड निघाले.

पहिला ओंडका तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांच्या सल्ल्याने गच्चीवर वाळत टाकला. आठ दिवसांत तो उमलला. दुसरा, लाकूड उकळलं की चिरत नाही असं इस्त्रीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं म्हणून, आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्यात उकळला. घराला दोन दिवस ओल्या कपाटासारखा वास येत होता आणि लाकूड चिरलंच. तिसरा मोटारवाल्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच गॅरेजमध्ये ठेवला. तिथे तो भिंतीला टेकवलेला होता आणि मोटारवाले मागे घेताना मागे बघत नसत.

उरला एक. तो साहेबांनी रजईत गुंडाळून आणला.

"हाच काय तो राहिला," ते म्हणाले.

शिवणताईंनी रजईकडे बघितलं, मग ओंडक्याकडे. तडकलेलं टोक नुकतंच कापून टाकलं होतं; त्या ताज्या कापावर लाकूड हळदीसारखं पिवळंधमक होतं. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि उचललाच नाही, बराच वेळ. साहेबांच्या पायाशी चपलांचं खोकं होतं. त्यांना वाटलं, त्या खोक्यातून आता धूर निघेल.

जाडी : अडीचशे मिलिमीटर, व्यास

छापखान्यामागच्या गोदामात एक कातकाम मंडळ भरत असे. दर शनिवारी दहा-बारा माणसं तिथे लेथवर लाकूड फिरवत आणि त्याचे वाडगे, लाटणी, भोवरे कातत. सभासदत्वाच्या अर्जामागे अठरा नियम छापले होते. साहेबांनी अर्ज पुढून भरला, सही केली आणि दिला.

(वाचकाने इथे एक सुस्कारा सोडावा. पुढे वेळ मिळणार नाही.)

मंडळाचे चिटणीस कडक होते. त्यांनी ओंडका बघितला, साहेबांना बघितलं आणि सहा महिने लाटणी करायला लावली. साहेबांचं पहिलं लाटणं मधे बारीक झालं, दुसरं दोन्हीकडे बारीक झालं, तिसरं मशीनवरून सुटून चिटणिसांच्या डब्यात गेलं. पण हळूहळू काहीतरी घडू लागलं. पटाशी लाकडाला टेकली की रिबिनीसारख्या लांब साली निघत, मनगटावरून, खांद्यावरून मागे जात, आणि साहेब त्यात उभे असत; कोणी पत्र आणत नसे, कोणी पाठवत नसे. घरी आले की शिवणताई त्यांच्या कॉलरमधून साली काढत आणि कापडाच्या तुकड्यांसारख्या रंगाप्रमाणे लावून ठेवत. बोलत फारशा नसत. झाड गेल्यापासून त्या कमीच बोलत. साहेबांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला होता.

जाडी : (लाकूड वाळतं आहे)

ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण लावून तो शिवणयंत्राखाली ठेवला आहे. यंत्र चालतं तेव्हा तो किंचित थरथरतो. ह्या भागात दुसरं काही होत नाही.

जाडी : चाळीस

बाहेरचा आकार देणं त्या मानाने सोपं गेलं. खरी फाळणी पुढे होती. भांडं आतून पोकळ करायचं तर ‘आतली हत्यारं’ लागतात, आणि त्यांवरून मंडळात दोन पक्ष होते. एक सरळवाले, चिटणिसांचे. लांब सरळ दांडा, टोकाला छोटं पातं. दुसरे वाकडेवाले. दांडा पुढे बगळ्याच्या मानेसारखा वळलेला, म्हणजे बारीक तोंडातून आत शिरून तो बाजूला, भांड्याच्या खांद्याखाली पोचतो.

"तोंड चार बोटं ठेवा," चिटणीस म्हणाले. "सरळ हत्यार पुरतं. वाकडं हत्यार हातात पिळतं, माणसाला फिरवतं."

"तोंड दोन बोटांचंच हवंय," साहेब म्हणाले.

"आत काय ठेवायचंय एवढं? हिरे?"

साहेबांनी खडूने तोंडाची खूण दोन बोटांचीच केली. कारण आदल्या रात्री रेडिओचे सेल बदलताना कागद शिवणताईंच्या हाती लागता लागता राहिला होता, आणि पहाटे अर्धवट झोपेत त्यांना ते भांडं दिसलं होतं. पोट मोठं, तोंड बारीक. आत जाईल ते बाहेर येणार नाही, आणि कोणाला ते उलटं करून आतून बघता येणार नाही. अख्ख्या घरात अशी एकच वस्तू असणार होती. वर्षभरापूर्वी डाव्या हाताने हवेत काढलेला आकार सगळं जाणून होता.

मदतीला आल्या त्या दातांच्या डॉक्टर. वाकड्या पक्षाच्या त्या पुढारी. उंचीने साहेबांच्या खांद्याएवढ्या, पण बारीक तोंडाची भांडी त्यांच्यासारखी कोणाची होत नसत.

"मी जन्मभर अंधाऱ्या तोंडातच काम केलंय," त्या म्हणाल्या. "आत दिसत नाही, तर बघायचा हट्ट करू नका. ऐका."

त्यांनी आपलं वाकडं हत्यार साहेबांच्या हातात दिलं आणि त्याची हातभर लांब मूठ साहेबांच्या काखेत दाबून बसवली. "इथे धरा. थर्मामीटरसारखं. आणि घाई केलीत तर ते तुम्हाला शिकवेल."

शिकवलं. पहिल्याच झटक्यात साहेब अर्धी गिरकी घेऊन भिंतीवरच्या नियमांच्या पाटीसमोर येऊन थांबले. तोंड बरोबर पाटीकडे होतं. तरीही त्यांनी ती वाचली नाही.

जाडी : बावीस, सोळा, अकरा

चार शनिवार गेले.

साहेब डोळे मिटून कातू लागले, कारण उघडे ठेवून उपयोग नव्हता. हत्यार दोन बोटांच्या तोंडातून आत जाई, वळे, आणि मग ते कुठे आहे हे फक्त काखेला कळे. दर मिनिटाला थांबून आतला भुसा नळीने फुंकून काढायचा, वाकड्या तारेच्या मापाने भिंत मोजायची, पुन्हा आत. भिंत जाड होती तेव्हा आवाज कचेरीतल्या जिन्यासारखा घुमत होता. मग तो पातळ होत गेला. साहेबांना वाटे आपण आत आहोत, एका पिवळ्या, गोल खोलीत, जिला एकच खिडकी आहे आणि ती वर आहे. भिंतीतून झाड ऐकू येतंय. तुती पिकलीय, चिमण्या आल्यात, आणि कोणीतरी खालून वर बघत म्हणतंय, अहो, चादर वाळत घातली असेल तर आत घ्या, जांभळी होईल. आवाज शिवणताईंचा, पण तीस वर्षांपूर्वीचा.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता बारीक गातंय. पोटाशी चार राहिलंय."

साहेबांनी डोळे उघडले. भुसा भुवयांपर्यंत होता.

जाडी : चार

सोमवारी सकाळी, शिवणताई दोरे आणायला गेल्या असताना, जावकसाहेबांनी कागदाची सिगारेटएवढी गुंडाळी केली आणि भांड्यात सोडली. टप्प असा आवाज आला. अनेक वर्षांनी एखादं पत्र योग्य ठिकाणी गेल्यासारखं त्यांना वाटलं. दुपारी त्यांनी भांडं बायकोच्या हातात दिलं.

शिवणताईंनी ते फिरवून बघितलं. सवयीने उलटं करून आत डोकावल्या. काळोख.

"आतून कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"बाहेरून कसं झालंय ते सांग ना."

"बाहेरून छान आहे," त्या म्हणाल्या, आणि ते यंत्राशेजारी खिडकीत ठेवलं.

दोन महिने सुखाचे गेले. उजेडात तुतीचं लाकूड पिवळ्याचं मधासारखं झालं, मधाचं गुळासारखं तपकिरी. मोटारवालेसुद्धा बघून गेले. "मशीनचं काम," ते म्हणाले. साहेबांनी त्यांना क्षमा केली.

मग मंडळाचं पत्र आलं. आवक. साहेबांनी ते वाचलं, कारण त्यांना आता वाचायची खोड लागली होती.

‘नियम अकरानुसार सभासदाने केलेले पहिले पोकळ भांडे वार्षिक सभेत सर्वांसमक्ष उभे कापून आतील भिंत दाखवावी लागते. आपण सदर नियम मान्य असल्याची सही केलेली आहे. कुटुंबीयांचे स्वागत आहे.’

साहेब खाली बसले. खाली खुर्ची होती हा केवळ योगायोग.

"काय आलंय?" म्हणून शिवणताईंनी पत्र घेतलं, वाचलं, उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची वाचली. आणि झाड गेल्यापासून प्रथमच त्यांचा चेहरा उजळला.

"कापून दाखवतात? आतून? किती चांगली पद्धत आहे हो. मी येणार."

"अगं, एकुलतं एक भांडं आहे. झाडाचं तेवढंच उरलंय."

"कापलं म्हणून जातंय कुठे? दोन होतील."

जाडी : चारच, पण डॉक्टरांच्या खुर्चीत

गुरुवारी जावकसाहेब दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत मांडीवर भांडं घेऊन आडवे झाले होते. बाहेर गालाला हात लावून बसलेल्या माणसांना सांगितलं होतं, की केस गुंतागुंतीची आहे.

डॉक्टरबाईंनी दिवा खाली ओढला आणि छोटा आरसा आत घातला.

"आत कागद आहे."

"आहे."

"गुंडाळी उलगडलीय. भिंतीला चिकटून गोल बसलाय. ओढला तर फाटेल."

"फाडायचा नाही. कार्यालयीन प्रत आहे."

त्या आरसा पुसत थांबल्या. साहेबांनी सगळं सांगितलं. दिव्याच्या उजेडात, आ करायला न लावता, माणूस एवढं बोलतो हे त्या खुर्चीने पहिल्यांदाच बघितलं असेल.

"दुसरं भांडं दाखवलं तर?" साहेबांनी शेवटी विचारलं. "सभेला?"

"तुतीचं आहे?"

"नाही."

"तुमच्या मिसेसना कापड ओळखता येतं की नाही?"

साहेबांनी मांडीवरचं भांडं आणखी जवळ ओढलं.

"शनिवारी करवत मी धरते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चिटणीस घाई करतात. मी हळू कापीन. तेवढ्यात तुम्हाला सांगायचं असेल तर सांगून टाका."

जाडी : दोन अर्ध्या भिंती

सभेला तीस खुर्च्या होत्या. शिवणताई पहिल्या रांगेत, मांडीवर हातमोज्यांसारखे घडी केलेले हात. चिटणिसांनी नियम अकरा मोठ्याने वाचला. भांडं लाकडी खाचेत आडवं ठेवलं गेलं आणि डॉक्टरबाईंनी करवत टेकवली.

करवत खरोखरच फार हळू चालली. प्रत्येक ओढीला साहेब तोंड उघडत होते आणि मिटत होते. शेजारच्या खुर्चीवर टेकून त्यांनी म्हटलं, "अगं."

"शू," शिवणताई म्हणाल्या. "बघू द्या."

"ते झाड आहे ना..."

"हो, त्याचंच आहे, माहीत आहे मला."

"तसं नाही. आत..."

आणि भांडं उघडलं.

सगळ्या गोदामातून एक श्वास गेला. बाहेरून भांडं गुळासारखं तपकिरी झालं होतं. पण आत उजेड कधी पोचलाच नव्हता. आतून लाकूड अजून पिवळं होतं, त्या पहिल्या दिवसासारखं. खांद्याशी भिंत चौदा होती, पोटाशी चार. हत्याराच्या खुणा लहान मुलाने ओढलेल्या रेघांसारख्या. आणि दोन्ही अर्ध्यांत अर्धा अर्धा कागद चिकटलेला.

"हे काय आहे?" चिटणीस म्हणाले. "अस्तर?"

शिवणताई उठल्या. त्यांनी एका अर्ध्यातून कागद सोलून काढला, दुसऱ्यातून दुसरा, टेबलावर कापडाचे तुकडे जुळवावेत तसे कडेला कड लावून ठेवले. वाचलं. साहेबांनी खाली मान घातली. एकतीस वर्षांतली सगळी न वाचलेली पत्रं त्यांना त्या क्षणी दारात रांग लावून उभी दिसली.

"मी सही केली होती," ते म्हणाले. "न वाचता. तुझं झाड माझ्या सहीनं गेलं. सांगायला हवं होतं."

शिवणताईंनी दोन्ही तुकड्यांवर तळहात ठेवले. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही हा उलटून बघितला नाहीत?"

"काय?"

"कागद. मागून."

साहेबांनी दोन्ही अर्धे उलटे केले. ‘पुढे जागा अपुरी असल्याने सहमालकाची सही मागील पानी’, आणि खाली, करवतीने बरोबर मधोमध कापलेली, शिवणताईंची सही.

"तुम्ही बँकेत गेला होतात," त्या म्हणाल्या. "मोटारवाले आले. मी मशीनवर होते. त्यांनी कागद दुमडून फक्त तुमची सही दाखवली, फांद्या छाटायच्यात म्हणाले, आणि उलटा करून पुढ्यात ठेवला. म्हटलं, एवढी वर्षं कचेरीत काढलेला माणूस, वाचूनच केली असेल." त्यांनी कागदाची कड सरळ केली. "सगळ्या जगाचं उलटून बघते मी. एवढाच नाही बघितला. मला वाटायचं, माझी सही तुम्हाला कळलीय आणि तुम्ही बोलत नाही. भांडं करताय ते मला दाखवायला, की बघ, काय घालवलंस."

"मी? मला वाटायचं तू बोलत नाहीस."

तीस माणसं मन लावून आपापल्या बुटांकडे बघत होती. डॉक्टरबाई करवतीचा भुसा झटकत म्हणाल्या, "खांद्याशी जरा जाड राहिलंय. पुढच्या वेळी वाकड्याने अजून आत जा."

"पण तोंड रुंद ठेवा," चिटणीस म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

जाडी : मोजायची गरज उरली नाही

दोन्ही अर्धे आता खिडकीत आहेत, पोट बाहेर, पिवळी बाजू आत. एकात दोऱ्यांची रिळं असतात, दुसऱ्यात साहेबांचा चष्मा. पिवळा रंगही हळूहळू गुळाचा होतो आहे, पण ते दोघांच्या डोळ्यांसमोर होतं आहे.

वसंतात खाली बुंध्याला कोंब फुटले. चार, मग नऊ, मग मोजता येईनात. एका दुपारी दाराची बेल वाजली. मोटारवाले होते, हातात कागद.

"काही नाही, साहेब, नेहमीचंच. इथे आणि इथे. दोघांची."

जावकसाहेबांनी कागद घेतला आणि अर्ध्या भांड्यातून चष्मा काढला. शिवणताईंनी यंत्र थांबवून खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. दोघं वाचू लागले. पहिली ओळ वाचून झाल्यावर साहेबांनी ती परत वाचली, कारण शिवणताईंचं बोट अजून पहिल्याच शब्दावर होतं. खिडकीतून ऊन सरकत सरकत कागदावर आलं आणि तिथेच बसलं.

"बराच वेळ लागेल का?" मोटारवाल्यांनी दारातून विचारलं.

"बसा ना," शिवणताई म्हणाल्या. "अजून मागची बाजू आहे."